एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, कायची लिहून राह्यले भाऊ?

काल माझ्या बहिणीचा नवरा तिच्या पार्लरसमोर गाडी लावून बसला, हॉर्नवर हॉर्न, वरून एका पोराच्या हातानं संत्रा बर्फीचा डबा आत पाठवला, झाकणावर चिठ्ठी, "घरी ये, नाहीतर मी आत येतो." तिच्याजवळ कोर्टाचा प्रोटेक्शन ऑर्डर आहे हो! संपर्क करायचा नाही, कामाच्या जागी फिरकायचं नाही, साफ लिहिलं आहे. तो डबा घेऊन ठाण्यात गेलो तर मुन्शी झाकण उघडून पाहते आणि म्हणते, "मिठाईच तर पाठवली ना ताई, हात तर नाही लावला? एनसी लिहून देतो."

एनसी! अरे घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ३१ काय शोभेला ठेवलं का? ऑर्डर मोडला हाच गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद नाहीतर २०,००० पर्यंत दंड नाहीतर दोन्ही, आणि कलम ३२ म्हणते दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी कोर्टाच्या हुकमाची वाट न पाहता गुन्हा नोंदवायचा, वरून अजामीनपात्र. हात लावायचीच वाट पाहायची होती तर ऑर्डर कायले आणला? वरून विचारते साक्षीदार कोण. त्याच कलमात आहे, तिच्या एकटीच्या साक्षीवर कोर्ट गुन्हा धरू शकते. त्यावर उत्तर काय, तर "कोर्टातून लिहून आणा". ऑर्डरची कॉपी ठाण्याला पाठवायचं काम कोर्टाचंच, तीही फुकट, पण ती "दिसून नाही राह्यली", मग पुन्हा आमचीच झेरॉक्स. ठाणेदार साहेब? अधिवेशनाच्या बंदोबस्तात. डिसेंबर लागला की या गावात फक्त आमदारांनाच संरक्षण.

आणि तो २०,००० चा आकडा, २००५ पासून तेवढाच! आमच्या जवाईबापूंचा मोबाइल त्याहून महाग आहे. ऑर्डरसाठीचा अर्ज कोर्टानं ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा म्हणे, प्रयत्न! आमच्या मावशीचं वेगळंच, "बर्फी पाठवली म्हणजे मन बदललं असेल गं." हिला रोज सकाळी ग्रुपवर गुलाबाची फुलं टाकायला वेळ आहे, बहिणीसोबत ठाण्यात यायचं म्हटलं की गुडघा दुखते.

कलम वाचून दाखवता दाखवता माझा आवाज असा चढला की बाकावर बसवून ठेवलेला एक दारुडा हात जोडून म्हणे, "वकीलबाई, माझीबी केस घ्या ना." वकील! बी.कॉम.ला मर्कंटाईल लॉमध्ये मी काठावर पास झाली होती.

एनसीवर सही नाही केली. आज रात्री परत जातो, आणि डबा पंचनाम्यात घ्यायला लावल्याशिवाय हलत नाही. बर्फीचे दोन तुकडे आत्ताच कमी झालेत, ते कोणी खाल्ले तेही लिहा म्हणावं.