माशांना जंत झालेत!

फिश टँकच्या काचेवर पांढरट, केसासारखं बारीक काहीतरी वळवळताना दिसलं आणि आमच्या घरातला प्रत्येक जण डॉक्टर झाला. "माशांना जंत झालेत," असं जाहीर करून सासूबाई वावडिंगाची पुडी शोधायला गेल्या. चिरंजीवांनी भिंग आणलं. ह्यांनी सोफ्यावरून न उठताच 'टँक विकून टाकू' असा निकाल दिला. आमच्या घरात कुठल्याही दुखण्यावर ह्यांचा हाच इलाज असतो. गेल्या वर्षी फ्रिज थोडक्यात वाचला.

दुकानदाराने तर ऑपरेशनच सांगितलं. सगळं पाणी ओतून द्या, खडे उकळा, निळं औषध टाका. म्हटलं, दादा, आपण सोलापुरात राहतो. उजनीचं पाणी नळाला रोज येत नाही. आलेलं पिंपात, हंड्यात, प्रसंगी कुकरात भरून ठेवणाऱ्या बाईला तुम्ही अख्खा टँक ओतायला सांगताय?

शेवटी भिंग मीच घेतलं. अर्धा-पाऊण इंचाची, अंगावर बारीक वळ्या असलेली अळी. काचेवरून सुटली की पाण्यात वेलांट्या काढत पोहते. ही गांडुळाच्या गोतातली. खड्यांत राहते, माशांचं उष्टं आणि विष्ठा खाते, कुणाच्या अध्यातमध्यात नसते. माशांच्या पोटातल्या जंतांशी तिचा काही संबंध नाही. चपटी, बाणासारख्या डोक्याची, न वळवळता काचेवरून सरकणारी असेल तर ती वेगळी, ती प्लॅनेरिया. तीही मोठ्या माशांचं काही बिघडवत नाही, कोळंबी पाळणाऱ्यांनी तेवढी काळजी करावी.

आता खड्यात राहणारी मंडळी काचेवर का चढली? एक तर मे महिना. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल मी काय सांगावं! त्यात खड्यांत उष्टं कुजत असलं तर उरलासुरला प्राणवायूही तेच खातं. दुसरं कारण म्हणजे आमचं घर. इथं दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही 'जेवून जा की' म्हणायची पद्धत. सकाळी सासूबाई माशांना घालणार, कारण मुकी जनावरं. शाळेतून आल्यावर चिरंजीव. रात्री हे, 'अरे, कुणी घातलं की नाही' असं स्वतःलाच विचारून. एकदा तर मी पाण्यावर कडक भाकरीचा चुरा तरंगताना पाहिला. शेंगाचटणी नव्हती, एवढंच नशीब.

"खातंय की गं बिचारं," सासूबाईंचा युक्तिवाद. खाणारच. मासा दिसेल ते खातो. दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून एकदा, फार तर दोनदा घालायचं; उरलेलं तळाशी जाऊन कुजतं, त्यातून अमोनिया होतो, आणि माशाला खरा धोका त्याचा. हे सगळं समजावताना मी म्हणाले की गोल्डफिशला जठरच नसतं, अन्न थेट आतड्यात जातं.

"अगं बाई! मग ठेवतंय कुठं?" त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवशी गोल्डफिशला एक जेवण जास्त मिळालं.

मग मी खाद्याची डबी मसाल्याच्या कपाटात कुलपात टाकली. खडे उकळले नाहीत. अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू त्यांच्यावरच असतात. आठवड्याला खड्यांत पाइप खुपसून तळातल्या घाणीसकट पाव टँक पाणी काढते, ते मोगऱ्याला जातं आणि मोगरा खूश असतो. भर घालायला उघड्या पिंपातलं शिळं पाणी, त्यातला क्लोरीन आपोआप उडालेला असतो. नळाला रोज पाणी न येण्याचा मला सापडलेला हा एकमेव फायदा. अळ्या हळूहळू कमी झाल्या. काही गप्पींनी खाल्ल्या. बाकीच्या खाली खड्यांत आहेत, असू देत.

आठवड्यातून एक दिवस माशांना काहीच घालायचं नाही, हा नियम मात्र पास होईना. शेवटी मी तो सोमवारी ठेवला. सिद्धेश्वरांचा वार म्हटल्यावर सासूबाई लगेच तयार झाल्या. सोमवारी सकाळी टँकपाशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "उपास आहे ते खरं गं, पण साबुदाणा चालतो की नाही?"