घरबसल्या म्हणे!

महिन्याला एक तरी मेसेज येतोच. "ताई, घरबसल्या काहीतरी करायचंय. मुलांची खूप आवड आहे. पाळणाघर काढू का?" प्रत्येकीला वेगळं उत्तर लिहून बोटं दुखली, म्हणून एकदाच इथे लिहिते.

डोंबिवलीत 11 वर्षं पाळणाघर चालवतेय. दिवसा कधी बूड टेकवल्याचं आठवत नाही, तेव्हा 'घरबसल्या' हा शब्द आधी खोडा. आणि आवड काय, सगळ्यांनाच असते, सकाळी साडेदहापर्यंत. मग एक पेंगुळलेलं, एकाने शी केलेली, एकाला पेज भरवायची आणि चौथं पायाला मिठी मारून भोकाड पसरतंय. त्या वेळी आवड नाही, हात कमी पडतात.

तान्ह्यांचं तर विचारूच नका. 2017 पासून प्रसूतीची रजा 26 आठवडे झाली, उत्तमच झालं. पण त्यातली थोडी बाळंतपणाआधीच जाते. त्यामुळे बाळ माझ्या दारात येतं ते पाच-साडेपाच महिन्यांचं. धड बसत नाही, उष्टावण व्हायचंय. आई पंपाने काढलेलं दूध बाटलीत भरून, वर नाव आणि वेळ लिहून देते. ते उकळायचं नसतं, बाटली कोमट पाण्यात धरायची असते. हे माझ्याकडच्या मदतनीस ताईंच्या गळी उतरवायला मला दोन महिने लागले, कारण आपल्याकडे दूध म्हटलं की पातेलं गॅसवर! जरा रुळलं म्हणावं, तर सात-आठ महिन्यांचं होऊन अनोळखी चेहऱ्यांना घाबरायला लागतं. अशी तीन बाळं असली की एक ताई दिवसभर तिथेच अडकली.

आता पैसे. पहिल्या वर्षी 8 मुलं, महिन्याची फी 4,000. आले 32,000. दोन ताईंचे 14,000, खाणं, गॅस, वीज, फिनेल मिळून 7,000. उरले 11,000, तेही जागा स्वतःची म्हणून. नवरा म्हणाला, "आणखी चार घे की, हॉल मोठा आहे." हॉल मोठा होता हो, ताई दोनच होत्या. पाळणाघर बिघडतं ते इथेच, या चार मुलांच्या मोहात. 2016 साली खारघरच्या एका पाळणाघरात बाळाला मारहाण झाली, त्याचं सीसीटीव्ही चित्रण सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून आईबाप पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारतात. विचारा, माझ्याकडेही आहे. पण एका ताईकडे किती मुलं, हे 11 वर्षांत मोजून पाच जणांनी विचारलं असेल.

पालकही काही कमी नसतात. सकाळी तापाचं औषध पाजून, गाल गार असताना सोडून जायचं. अकराला औषध उतरलं की अंग भाजतं, आणि फोन मीटिंगमध्ये. मे महिन्यात मूल आजोळी गेलं की "मग फी कशाला?" अहो, ताईंना मे महिन्यात पोट नसतं का? माझ्याकडे बारा महिन्यांची फी लागते, हे पहिल्याच दिवशी लिहून घेते. तुम्हीही घ्या, गोड बोलून नंतर भांडण्यापेक्षा बरं.

उशीर झाला की जास्तीचे पैसे घेते, पण गाड्या बंद पडल्या तर एक रुपया नाही. त्याचं कारण 26 जुलै 2005 चा तो पाऊस, मुंबई बुडाली तो. तेव्हा मी फोर्टला नोकरी करत होते, मुलगा दोन वर्षांचा, शेजारच्या गल्लीतल्या काकूंच्या पाळणाघरात. रात्र ऑफिसात काढली, फोन लागेना. दुसऱ्या दिवशी पाय ओढत, मिळेल त्या वाहनाने घरी पोचले, तर हा काकूंच्या नवऱ्याच्या बनियनमध्ये, मऊ भात खात बसलेला. त्या रात्री त्यांच्याकडे सहा मुलं होती. काकूंनी जास्तीचं काही मागितलं नाही, मलाही तेव्हा द्यायचं सुचलं नाही. अजून लाज वाटते.

तर कागदपत्रं, खेळणी, भिंतीवरचा छोटा भीम हे सगळं नंतर. ज्यांना खरंच काढायचंय त्यांनी आधी एक आठवडा माझ्याकडे या, सकाळी सात ते रात्री आठ. पगार नाही, जेवण मिळेल. केस घट्ट बांधून या, आणि कानातले डूल, मोठं मंगळसूत्र घरी ठेवा. बाळं ओढतात.