"चार पैसे घरात येतात, त्यात काय वाईट?" काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खाली उत्तर लिहायला घेतलं तर ते वाढतच गेलं, म्हणून वेगळंच टाकतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात: बालमजुरीवरच्या माझ्या लेखावर काकांचं म्हणणं असं की आम्हीपण लहानपणी शेतात राबलो, पहाटे पेपर टाकले, काही बिघडलं नाही उलट घडलो, पुण्यात फ्लॅटमध्ये बसून पोराचं काम बंद करा म्हणणं सोपं आहे, उद्या त्याच्या घरची चूल कोण पेटवणार? आणि शेवटी लिहिलंय की त्यांच्या सोसायटीत एका घरी गावाहून आणलेली बारा वर्षांची मुलगी आहे, घरच्यासारखी राहते, पोटभर जेवते, गावी काय मिळालं असतं तिला?

चुलीचं तुमचं खरं आहे, आणि ते मला चांगलंच माहितीये, कसं ते सांगते. मार्केटयार्डच्या बाजूला एका चहाच्या दुकानात एक मुलगा होता, सगळे त्याला बारक्या म्हणायचे. सकाळी साडेअकराला, शाळेच्या वेळेत, तो तारेच्या स्टँडमध्ये सहा ग्लास घेऊन गाळ्यागाळ्यात फिरायचा आणि मधल्या वेळात बादलीत ग्लास विसळायचा. दिवसभर पाण्यात हात, त्यामुळे बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या, ग्लास धरताना तो अंगठा आणि करंगळीनेच धरायचा. वय विचारलं की प्रश्न संपायच्या आत "अठरा". मालक म्हणाला, भाचा आहे माझा. हे "भाचा" उगाच नाही येत तोंडात. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली, त्यानंतर चौदाच्या आतल्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी आहे, पण घरच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोक्याचं काम नसेल तर मदत चालते, आणि त्या "घरच्या"त काका, आत्या, मामा, मावशी सगळे येतात. त्यामुळे प्रत्येक दुकानात भाचे निघतात.

मी १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला. लोक आले, मुलाला नेलं, काही दिवसांनी आईवडिलांकडे पोचवलं. मला वाटलं झालं काम. चार महिन्यांनी त्याच्या आईशी बोलणं झालं तेव्हा कळलं की वडिलांनी मालकाकडून बारा हजार उचल घेतली होती, मुलगा गेल्यावर मालकाने ते परत मागायचा तगादा लावला, आणि ते फेडायला नववीतल्या मोठ्या बहिणीची शाळा सोडवून तिला ऊसतोडीला नेली. हे ऐकून मी दोन रात्री झोपले नाही.

पण काका, यातून तुम्ही जे काढताय ते मी नाही काढत. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्दच होतं, ते फेडायचं नसतंच, हे त्या घराला कुणीच सांगितलं नाही, मीपण नाही. बालमजुरीच्या कायद्यात मालकाला वीस ते पन्नास हजार दंड आहे, तो पैसा मुलाच्या पुनर्वसनासाठी जमा होतो आणि सरकार त्यात पंधरा हजार घालतं. इथे केसच उभी राहिली नाही. म्हणजे चूल पेटायची सोय कायद्यात होती, फक्त मुलाला उचलण्यापुरताच कायदा वापरला गेला.

आता तुमचे पेपर. तुम्ही सात वाजता घरी येऊन शाळेत जात होता, दहावी झालात, हे तुम्हीच लिहिलंय. बारा वर्षांपुढच्या मुलाचं शाळा सांभाळून केलेलं असं थोडं हलकं काम जगाच्या मोजणीत सहसा बालमजुरी धरत नाहीत. ते वगळूनही आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफचा २०२४ चा अंदाज १३ कोटी ८० लाख मुलांचा आहे, त्यातली ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामात. जास्त मुलं कारखान्यात नाहीत, शेतीत आहेत, साधारण ६१ टक्के. २००० साली हाच आकडा २४ कोटी ६० लाख होता. कमी होतंय, म्हणजे करता येतं.

आणि गरिबी आहे म्हणून मुलं कामाला लागतात हे अर्धंच आहे हो. मूल कामाला ठेवतात कारण ते स्वस्त असतं आणि उलट बोलत नाही. बीडकडची ऊसतोडीची टोळी बघा. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, ती फिटेपर्यंत सुटका नाही, मग पोरगी धाकट्याला सांभाळते, बैलांना उसाचे वाढे टाकते, मोळ्या बांधू लागते आणि तिची मजुरी कुठल्याच हिशोबात येत नाही. तिच्या हातांमुळे कोयत्याचा दर कमी ठेवता येतो. पोर घराला जगवत नाही काका, आईबापाची मजुरी पाडायला वापरली जाते.

नुसतं हाकलून भागत नाही हे बांगलादेशात दिसलं. अमेरिकेत सिनेटर हार्किन यांनी १९९२ मध्ये मुलांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदीचं विधेयक आणलं, त्या भीतीने ढाक्याच्या कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलं काढून टाकली, त्यातली बरीच खडी फोडायला, रस्त्यावर, त्याहून वाईट ठिकाणी गेली. मग १९९५ मध्ये शाळा आणि भत्ता असा करार झाला. मेक्सिकोने १९९७ पासून उलटं केलं, मूल शाळेत हजर असेल तर आईच्या हातात पैसे, मोठ्या वर्गांत मुलींना थोडे जास्त. पट वाढला, मुलांचं काम घटलं.

इतकं लांब कशाला, आपल्या पुण्यातच बघा. कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेलेल्या कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं की आयांना वेगळा केलेला सुका कचरा थेट घरातून मिळाला तर कमाई वाढते, आणि त्याच कामातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. बायकांना ओळखपत्रं मिळाली, भावाची घासाघीस करता यायला लागली आणि मुलांना कचऱ्यावर न्यायचं नाही असं बायकाच म्हणायला लागल्या. फ्लॅटमध्ये बसून कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. आणि मुलाची जागा शाळेत हे तर जोतीरावांनी १८८२ मध्येच हंटर कमिशनपुढे मांडलेलं, निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा म्हणून.

राहिली तुमच्या सोसायटीतली मुलगी. घरच्यासारखी राहते म्हणता, तर त्या घरातली स्वतःची मुलं कितवीत आहेत आणि ही कितवीत आहे? एवढंच विचाराल का? १० ऑक्टोबर २००६ पासून चौदाच्या आतल्या मुलांना घरकामाला ठेवायला बंदी आहे. तिच्याकडे दाखला नसेल तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्येही नाही, आणि वयानुसार वर्गात बसवावं लागतं. या वेळी मी आधी तिच्या आईशी बोलणार आहे, उचल घेतलीये का, किती, कुणाकडून, ते सगळं विचारून मगच पुढचा फोन. गावचा नंबर मिळवून द्याल का? माझा मेल आयडी पानाच्या खाली आहे. शनिवारी सकाळी मला वेळ आहे, तुम्ही म्हणाल तिथे येते.