बॅटरी मागं धर

आज सकाळी मामांचं रक्षाविसर्जन झालं, बेळगावात शहापूरच्या स्मशानभूमीत. मामा नात्यानं माझे कुणी नव्हते, अख्खी गल्लीच त्यांना मामा म्हणायची. तीस वर्षं लॉरी चालवली त्यांनी. परवा पहाटे संकेश्वरच्या अलीकडं टायर बदलत असताना मागून आलेल्या गाडीनं उडवलं. ती गाडी थांबलीसुद्धा नाही. क्लीनर पोरगा केबिनमधून पाना आणायला पुढं गेला होता म्हणून वाचला.

विसर्जनाला पन्नासेक ड्रायव्हर आले होते. काहीजण रात्रभर गाडी मारून थेट तिथंच आलेले, डोळे लाल, अंगावर कालचाच शर्ट. धारवाडकडचा एक कानडी ड्रायव्हर मामांच्या मुलाचा हात धरून बसला होता. एक शब्द बोलला नाही. निघताना खिशातल्या नोटा न मोजता तशाच पोराच्या मुठीत कोंबल्या आणि मान खाली घालून गेला. आपल्या सीमाभागात भाषेवरून काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. रात्री हायवेवर गाडी पंक्चर झाली की मात्र तू कुठला, हे कुणी विचारत नाही.

हे बघून घरी आलो आणि मोबाईल उघडला. आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलंय, "लॉरीवाले कुठंही गाडी लावतात, मग असं होणारच." त्याला चौघांनी अंगठे दाखवलेत.

कुठंही म्हणजे कुठं रे बाबा? भरलेल्या लॉरीचा टायर फुटला की ड्रायव्हरनं जागा निवडायची असते का?

1991 च्या मे महिन्यातली गोष्ट. मी सहावीतनं सातवीत गेलेलो. सुट्टीत बाबांच्या लॉरीतनं फिरायचा हट्ट धरला होता. निपाणीहून तंबाखू भरून बेळगावला येताना तवंदी घाटात मागचा टायर बसला. आताचा 48 नंबरचा हायवे तेव्हा एनएच 4 होता, दुपदरी. काळोख असा की स्वतःचा हात दिसत नव्हता. बाबांनी आधी मला उचलून रस्त्याच्या पलीकडं मोरीच्या कठड्यावर बसवलं. मग झाडाची डहाळी तोडली, दगड गोळा केले आणि गाडीच्या मागं लांबपर्यंत मांडत गेले. मी आपला त्यांना नट दिसावेत म्हणून बॅटरी त्यांच्या हातावर धरली. तर ओरडले, "माझ्यावर नको धरू, मागं धर. येणाऱ्याला दिसूदे."

तेव्हा मला कळलं नाही. आज सकाळी कळलं.

ज्यांनी कधी लॉरीचा टायर बदलताना बघितला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. लॉरीची रुंदी साधारण साडेआठ फूट. आपल्याकडं कित्येक ठिकाणी साइडपट्टी तेवढीही नाही. रुंदीकरणाचं काम चालू असलं की तीच आधी खणून ठेवतात. म्हणजे गाडी कितीही कडेला घेतली तरी निम्मी रस्त्यावरच राहते. त्यात टायर कंडक्टर साइडचा गेला तर नशीब, काम गटारीच्या बाजूला होतं. ड्रायव्हर साइडचा गेला की माणूस सरळ वाहत्या रस्त्यात उकिडवा बसतो, पाठ गाड्यांकडं करून. रिमसकट टायर शंभर किलोच्या आसपास. नट गंजलेले, पान्यावर उभारून अंगाचा भार द्यावा लागतो. मागच्या जोडटायरांतला आतला गेला असेल तर बाहेरचाही काढायचा. आणि मागनं येणारा ताशी 80 नं आला तर एका सेकंदात 22 मीटर कापतो. त्यानं दोन सेकंद मोबाईलकडं बघितलं की संपलं.

आणि साइडपट्टीवरनं डावीकडून ओव्हरटेक कोण मारतं? लॉरीवाले? हत्तरगीच्या टोलला रांग दिसली की कडेनं गाड्या घुसवणारे आपणच आहोत. पांढऱ्या कारमधले, शिकलेले, ग्रुपवर सकाळी सुविचार टाकणारे. ती पट्टी आपल्याला मोकळी लेन वाटते. बिघडलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला तेवढीच जागा असते, जीव मुठीत धरून काम करायला.

हो, काही ड्रायव्हर लाइट न लावता रस्त्यातच गाडी सोडून झोपतात. उसाच्या ट्रॉल्यांना मागं साधा रिफ्लेक्टर नसतो. मान्य. पण 1961 च्या कायद्यातच मोटार कामगाराला दिवसाला 8 तास काम लिहिलं होतं, आणि मालकाचा फोन येतो तो, "माल सकाळी पोचला पाहिजे." त्यानं झोपायचं कुठं, तेही सांगा की.

2024 च्या जानेवारीत हेच लोक संपावर गेले, धडकेत माणूस मेला आणि न कळवता पळाल्यास 10 वर्षांपर्यंत शिक्षा होणार म्हणून. तेव्हा मीही त्यांच्यावर चिडलो होतो. आता मामांना उडवणारा पळून गेलाय आणि मला काय म्हणावं तेच सुचत नाही. तो सापडला नाही तर सरकारी योजनेतनं घरच्यांना 2 लाख मिळतील. 2022 च्या आधी 25 हजार होते.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, तिकडं 50 च्या 50 राज्यांत कायदा आहे. कडेला दिवे लावून पोलीस, ॲम्ब्युलन्स उभी दिसली की पलीकडची लेन धरायची, नाही जमलं तर वेग उतरवायचा. बऱ्याच राज्यांत बंद पडलेल्या साध्या गाडीलाही तोच नियम. तिकडंही माणसं मरतातच म्हणाला. पण नियम तरी आहे. आपण नियमाची वाट कशाला बघायची? कडेला लॉरी दिसली की पाय ॲक्सिलेटरवरनं काढा, एवढंच. आणि 1033 हा हायवेवरच्या मदतीचा फोन नंबर मोबाईलमध्ये ठेवा. कडेला अंधारात कुणी अडकलेला दिसला तर फोन करा, तुमची गाडी नसली तरी.

तवंदीच्या त्या रात्री टायर बसवून झाल्यावर आम्ही लगेच निघालो नाही. बाबा परत मागं गेले, एकेक दगड उचलून गटारीत टाकला. मला झोप अनावर झालेली, मी कुरकुर केली. म्हणाले, "आपलं काम झालं, आता दुसऱ्याची गाडी यावर चढायला नको." पन्नास-साठ दगड असतील. अशा माणसांना तुम्ही बेजबाबदार म्हणता?

चिडून लिहायला बसलो होतो, आता हात थरथरतोय. ग्रुपवर मी अजून उत्तर दिलेलं नाही, हेच तिथं टाकतो.

बाबांचे गुडघे गेलेत, म्हणून त्यांना सकाळी नेलं नव्हतं. मी घरी आल्यावर कॉटवरनंच विचारलं, "कुठल्या साइडचा टायर होता?"

"ड्रायव्हर साइडचा."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. दोन वाजत आले, अजून जेवायला उठलेले नाहीत.