सिमेंट का नको? वसई किल्ल्याच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. पहिला, वसईच्या किल्ल्याची सगळी तटबंदी मी पोर्तुगीजांच्या नावावर घातली. दुसरा, सिमेंटने एकदाच काय ते पक्के बांधून काढायचे सोडून मी चुन्याचे गोडवे गात बसलो.

पहिला मान्य. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, पण त्याआधीच गुजरातच्या बहादूरशाहाच्या अमलात तिथे तटबंदी झाली होती. आज दिसणारे बाणाच्या टोकासारखे बुरूज मात्र पोर्तुगीज पद्धतीचे आहेत. तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवरही शेजारच्या बुरुजावरून मारा करता यावा, म्हणून तो आकार. लेखात दुरुस्ती करतो.

सिमेंटबाबत मात्र माघार नाही. जुनी भिंत पाणी पिते आणि ते बाहेरही टाकते. त्यात वसईची हवा खारी. दरजांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, चुना असेल तर ओल तिथून निघून जाते, क्षारही तिथेच साचतात. झिजला तर चुना झिजतो, तो खरवडून पुन्हा भरता येतो. दरजा सिमेंटने बुजवल्या की ओल दगडातून वाट काढते, लोणा लागतो आणि मऊ दगडाचे पोपडे सुटू लागतात. सिमेंट जागच्या जागी, दगड मात्र गेलेला! अशा भिंती मी पाहिल्या आहेत, म्हणून जरा चिडून लिहिले होते. काही वर्षांनी दरजा पुन्हा भराव्या लागणे हा चुन्याचा दोष नाही. घर शाकारण्यासारखेच ते काम.

किल्ला ‘पूर्वी होता तसा उभा करा’, असेही तुम्ही म्हणता. हे वाचायला बरे वाटते. पण पूर्वी म्हणजे केव्हा? मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तट फोडला, त्याच्या आदल्या दिवशीचा? मग मराठी अमलातल्या देवळांचे काय करायचे? १७८० मध्ये इंग्रजांनी घेतला तेव्हाचा? किल्ल्यातल्या चर्चवर नवे छप्पर चढवायचे, तर ते कोणत्या शतकातले? जे उभे आहे ते पडू न देणे, एवढेच काम मला पुरेसे वाटते. ढासळलेला दगड जवळच सापडला आणि त्याची जागा नक्की ठरली, तर तो जरूर परत बसवावा.

तटावर वाढलेली झाडे काढायला हवीत, हे तुम्ही म्हणता ते बरोबरच. फक्त तटात शिरलेला पिंपळ उपटायचा नसतो. मुळाबरोबर चार दगड बाहेर येतात. आधी छाटायचा, मूळ मारायचे आणि मग पोकळी चुन्याने भरायची.