‘गाण्याने उठणं म्हणजे चोचले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच दोन ओळींत उत्तर टाकणार होते पण थांबले, कारण तुम्ही लिहिलंय त्यातलं बरंचसं बरोबर आहे, आणि जे मला पटलं नाही ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही. म्हणून सवडीने लिहितेय.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की गेली सहा वर्षं मी मोबाईलची बीप बंद करून सकाळी रेडिओवर उठते आणि त्याने माझ्या सकाळीच बदलून गेल्या. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे चोचले आहेत, गजराचं काम उठवणं एवढंच, तो कर्कशच पाहिजे, मंजुळ काही लावलं की माणूस त्यातच आणखी गाढ झोपतो किंवा ते स्वप्नात मिसळून जातं. सुरेल गजराने गुंगी कमी होते हे सांगायला मी ज्या अभ्यासाचा आधार दिला तो किरकोळ आहे, असंही तुम्ही म्हणालात. आवडतं गाणं गजराला लावलं की त्या गाण्याचाच तिटकारा येतो. रेडिओ लावावा तर डोळे उघडायच्या आत कुणीतरी वाईट बातमी सांगतं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘ताई, मी रात्रपाळी करून सकाळी झोपतो आणि दुपारी दोनला उठतो, माझ्यासाठी कोण गाणार आहे?’ हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये, त्यावर येतेच.

आधी माझी चूक. कर्कश गजराने हृदयावर वाईट परिणाम होतो असं मी लिहून टाकलं होतं आणि तुम्ही विचारलंत, पुरावा काय? पुरावा माझ्याकडे नाही. दचकून उठल्यावर छाती धडधडते हा माझा अनुभव, त्यावरून एवढं मोठं विधान करायला नको होतं. ते वाक्य मी काढून टाकलंय.

अभ्यासाबद्दलही तुमचं बरोबर आहे. तो २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला, माणसं फक्त ५०, त्यांना ऑनलाइन प्रश्नावली दिलेली, म्हणजे उठल्यावर किती गुंगी वाटते हे त्यांचं त्यांनीच सांगितलेलं. ज्यांच्या गजराला चाल होती, गुणगुणता येईल असं काही होतं, त्यांनी गुंगी कमी असल्याचं सांगितलं. आता ते सुरेल गजरामुळे झालं की ज्यांना मुळातच सहज जाग येते तीच माणसं सुरेल गजर लावतात हे त्यातून कळत नाही. मी ते सिद्ध झाल्यासारखं लिहिलं, तसं नाहीये.

पण ‘कर्कशच पाहिजे’ हे मात्र मी मान्य करणार नाही, आणि इथे माझ्याकडे सकाळच्या गजरापेक्षा फार गंभीर गोष्टीचा दाखला आहे. घरात आग लागली तर झोपलेल्या माणसाला उठवायला जे धूर ओळखणारे अलार्म असतात त्यांच्यावर खूप प्रयोग झालेत, कारण तिथे जाग न येणं म्हणजे जिवाशी गाठ. नेहमीच्या अलार्मची ती बारीक किंचाळी साधारण ३१०० हर्ट्झची असते, आणि प्रयोगांत दिसलं असं की त्यापेक्षा ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला भरीव आवाज माणसांना जास्त चांगला उठवतो, लहान मुलांना, ऐकू कमी येणाऱ्यांना, दारू पिऊन झोपलेल्यांनासुद्धा. अमेरिकेतल्या फायर अलार्मच्या नियमावलीत झोपायच्या खोल्यांसाठी आता हाच ५२० हर्ट्झवाला आवाज घातलाय. म्हणजे आवाज जितका टोचरा तितकी जाग पक्की, हा हिशेब बरोबर नाही. आवाज पुरेसा मोठा पाहिजे हे खरं, पण मोठा आणि कर्कश यात फरक आहे.

शिवाय झोपलेला कान बंद नसतो. १९६० साली ऑस्वाल्ड, टेलर आणि ट्रिझमन यांनी झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवली आणि मेंदूच्या लहरी नोंदवल्या, तर स्वतःचं नाव आलं की लहरींत जो ठळक उसळीसारखा प्रतिसाद दिसायचा तो बाकीच्या नावांना तितका नव्हता. माणूस झोपेत, पण आत कुणीतरी अर्थ तपासत बसलेलंय. बाळाने जरा कुरकुर केली की आई उठते आणि ढगांच्या गडगडाटात झोपून राहते हे आपण सगळ्यांनी बघितलंय. मग रोज त्या आतल्या माणसाला फक्त किंचाळीच का ऐकवायची?

स्वप्नात मिसळण्याबद्दल, होतं तसं, माझंही झालंय. १९५८ मध्ये डिमेंट आणि वोल्पर्ट यांनी स्वप्नांच्या झोपेत असलेल्या लोकांवर पाणी शिंपडून, प्रकाश टाकून, सूर वाजवून पाहिलं होतं, त्यात पाणी सगळ्यात जास्त वेळा स्वप्नात शिरलं आणि सूर सगळ्यात कमी. तरी होतं हे खरं. पण मला विचाराल तर मिनिटभर रेडिओ स्वप्नात शिरला तर बिघडतं काय, तो पुढे वाजतच असतो ना, हळूहळू स्वप्न पातळ होत जातं आणि आवाज उरतो. मला तर ती हद्द ओलांडणं फार आवडतं.

आता मुख्य मुद्दा, जो मी आधी नीट मांडला नाही आणि तुमच्यामुळे मला मांडावासा वाटतोय. तुम्ही लिहिलंत की तुमचा गजर वाजला की एका सेकंदात तुम्ही उभे असता. उभे असता, मान्य. पण जागे असता का? झोपेतून उठल्यावर जी जडशीळ गुंगी असते ती साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास राहते, झोप अपुरी असेल तर आणखी लांबते. २००६ मधल्या एका छोट्या प्रयोगात तर असं दिसलं की उठल्याउठल्या पहिल्या काही मिनिटांत लोकांची साध्या बेरजा करायची क्षमता, रात्रभर जागल्यानंतर असते त्याहीपेक्षा वाईट होती. आठ तास झोपून उठलेली माणसं होती ती! म्हणजे जाग येणं हे दिव्याच्या बटणासारखं नाहीये, तो एक रस्ता आहे आणि तो चालायला वेळ लागतो. बीपचं काय होतं, ती आपल्याला त्या रस्त्याच्या तोंडाशी ढकलते आणि आपणच तिचा गळा दाबतो, कारण ती बंद करावी अशीच बनवलेली आहे. मग खोलीत शांतता, अंधार, ऊबदार पांघरूण, आणि पुढची वीस मिनिटं आपली आपण. तिथेच माणूस परत कलंडतो किंवा स्नूझ दाबत बसतो. रेडिओ बंद करावासा वाटत नाही म्हणून तो सुरू राहतो आणि त्या वीस मिनिटांत सोबत चालतो. एक गाणं संपलं, कुणी काही बोललं, वेळ सांगितली, दुसरं सुरू झालं, दोन गाणी झाली की मला घड्याळ न बघता कळतं आता पाय खाली टाकायची वेळ झाली. मला रेडिओ उठवतो यापेक्षा उठल्यावर सोडून जात नाही, हे मला सांगायचं होतं.

याला चोचले म्हणालात म्हणून दोन गोष्टी सांगते. फ्रेंच लेखक माँतेन, जन्म १५३३ चा, त्याने लिहून ठेवलंय की मुलांना झोपेतून एकदम उठवलं तर त्यांचा मेंदू बिघडतो असा काहींचा समज होता म्हणून त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी वाद्याच्या सुरांनी उठवायची व्यवस्था केली होती. मेंदू बिघडण्याचा तो समज सोडून द्या, पण त्या बापाची काळजी मला खरी वाटते. आणि दुसरी गोष्ट अगदी वेगळ्या जगातली, अमेरिकेचे अंतराळवीर. १९६५ च्या जेमिनी ६ मोहिमेपासून जमिनीवरच्या कंट्रोल रूममधून त्यांना उठवायला गाणी लावायची प्रथा पडली, ती स्पेस शटल बंद होईपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत चालली, पुढे पुढे तर बरीच गाणी घरची माणसं निवडायची. मिनिटामिनिटाचं वेळापत्रक असलेली ती माणसं, त्यांना बीप देणं किती सोपं होतं. तरी तिथल्या लोकांना वाटलं की इतक्या लांब असलेल्याला उठवायचं तर गाण्याने उठवावं.

गाण्याचा तिटकारा येतो हे तुमचं शंभर टक्के खरं. मी सुरुवातीला तेच केलं होतं, माझं सगळ्यात आवडतं गाणं गजराला लावलं. दोन महिन्यांत असं झालं की दुपारी कुठेही त्याचे पहिले चार सूर ऐकू आले की छातीत धस्स व्हायचं. एकच गाणं, तेच पहिले चार सूर, रोज त्याच नकोशा क्षणी, मग मेंदू दोन्हीची गाठ मारून टाकतो. ते गाणं मला परत मिळवायला वर्ष गेलं, म्हणून आवडतं गाणं गजराला लावू नका हे मी तुमच्याइतक्याच ठामपणे सांगेन. रेडिओ इथेच वेगळा पडतो, आज काय लागेल ते माहीत नसतं. कधी आवडतं लागतं, कधी अजिबात नाही, पण कशाशीच गाठ बसत नाही, आणि पुढे काय याची जी थोडीशी उत्सुकता असते ना, ती डोळ्यांवरची झापड उतरवायला फार कामी येते.

बातम्यांचंही तसंच. माझाही एक सकाळचा अनुभव आहे, अपघाताच्या बातमीत जाग आली आणि दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. त्यावर उपाय साधा आहे. बातम्या बहुतेक ठिकाणी तासाच्या ठोक्याला असतात, म्हणून मी गजर सहाला न लावता सहा वाजून बारा मिनिटांनी लावते, आणि त्या वेळेला कोणत्या स्टेशनवर काय असतं हे आधी आठवडाभर ऐकून घेतलं. स्टेशन रात्री झोपण्याआधी नीट लावून ठेवायचं, सुई जराशी जरी सरकली असेल तर सकाळी नुसती खरखर ऐकू येते. मी मध्यंतरी फोनवरचं एक ॲप वापरत होते, एका सकाळी इंटरनेट गेलं आणि ते गप्पच राहिलं, माझी महत्त्वाची परीक्षा होती, धावतपळत पोचले. तेव्हापासून बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ, आणि पंधरा मिनिटांनी मागे एक साधी बीप. हो, बीप आहे माझ्याकडे, ती बहुतेक दिवशी वाजायच्या आधीच मी बंद करते, पण ती असते. माझ्या आधीच्या लेखात हे यायला हवं होतं.

हे सगळं मला इतकं का महत्त्वाचं वाटतं तेही सांगते. लहानपणी मला कुणी गजराने उठवलं नाही. आई आधी उठलेली असायची, पलीकडच्या खोलीत रेडिओ बारीक आवाजात चालू असायचा, शब्द कळायचे नाहीत, नुसती चाल भिंतीतून यायची. त्या आवाजात मला एवढंच ऐकू यायचं की घरात कुणीतरी जागं आहे. आई गेल्यावर कितीतरी महिने मी बीपने उठत होते आणि उठल्याउठल्या आधी ती शांतता जाणवायची. मग एक दिवस रेडिओ लावला. कुणीतरी अनोळखी माणूस माझ्या आधी उठून, तयार होऊन, माइकसमोर बसून बोलतोय. तो माझ्यासाठी नाही बोलत, हजारो लोकांसाठी बोलतोय, तरी त्या दिवशी मी पहिल्यांदा न रडता उठले.

आता तुमची रात्रपाळी. तुमचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा असणारच, कारण आपल्या झोपाच वेगळ्या आहेत. रात्री पुरेशी झोपलेली मी सकाळी उठते तेव्हा झोप बरीचशी उथळ झालेली असते, गाढ झोप जास्त करून पहिल्या निम्म्या रात्रीत संपते, म्हणून मला बारीक आवाजही पुरतो. तुम्ही शरीराच्या घड्याळाच्या उलट झोपता, उजेडात, गोंगाटात, झोप तुटक होते, वर थकवा साठत जातो, आणि असा साठलेला थकवा घेऊन झोपलेल्याला गाढ झोपेतून ओढून काढावं लागतं. तिथे नुसत्या मंजुळ आवाजावर भरवसा ठेवू नका, तुमचा मोठा गजर राहू द्या, तुमच्यासाठी तो योग्यच आहे. मी फक्त क्रम बदलून बघा म्हणते. गजर दोनलाच वाजू दे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा म्हणजे उठावं लागेल, आणि त्याच्या शेजारी रेडिओ. गजर बंद केला त्याच हाताने रेडिओ सुरू करायचा आणि पडदा उघडायचा. गाडी चालवायची असेल तर निदान अर्धा तास जाऊ द्या.

आणि दुपारी दोनला कोण गाणार विचारलंत ना, तर दुपारच्या वेळी मी घरी असते तेव्हा मुद्दाम ऐकलंय. त्या वेळी बऱ्याच स्टेशनांवर बडबड कमी आणि सलग जुनी गाणी जास्त असतात, सकाळच्यासारखी घाई नसते निवेदकांच्या आवाजात. मला तर तो सकाळपेक्षा बरा वाटला. दोन आठवडे करून बघा आणि जमलं नाही तरी इथे लिहा, नाही जमलं तर का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.