‘दोन मिनिटांची टेस्ट, आठ दिवस लावले’ या रिव्ह्यूला लॅबचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्ही बनवता त्या लिपस्टिकच्या रिपोर्टला आठ दिवस लागले, नमुना परत मिळाला नाही आणि शिसं ३.२ पीपीएम (दहा लाख भागांत ३.२ भाग) आलं. दुसरीकडे मात्र हातातल्या मशीनने दोन मिनिटांत ‘नाही’ सांगितलं, असं तुमचं म्हणणं. आकडा तुम्हीच इथे लिहिलात म्हणून त्यावर बोलतो, नाहीतर ग्राहकाचा रिपोर्ट आम्ही चारचौघांत काढत नाही.

ते मशीन म्हणजे एक्सआरएफ, क्ष-किरण मारून परत येणाऱ्या किरणांवरून धातू ओळखणारं. वाईट अजिबात नाही. कुंकवात कुणी शेंदूर मिसळला असेल तर शिसं टक्क्यांत असतं, तिथे मीही आधी तेच वापरीन. पण मेणा-तेलाच्या कांडीत दोन-तीन पीपीएम म्हणजे त्याच्या नजरेचा काठ. शिवाय ज्यांवरून ते धातू ओळखतं, त्या शिसं आणि आर्सेनिक यांच्या मुख्य रेषा दोन्ही १०.५ केईव्हीच्या (किरणांच्या ऊर्जेचं माप) आसपास, जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या. त्याचं ‘नाही’ म्हणजे ‘मला दिसलं नाही’. किती खालपर्यंत दिसतं, हे त्या कागदावर लिहिलंय का बघा.

आता आठ दिवस. तुमची शेड चमकीची, म्हणजे मायका (अभ्रक, चमक देणारं खनिज) आलाच. मायक्रोवेव्ह डायजेस्टरमध्ये (नमुना ॲसिडात तापवून विरघळवणारं यंत्र) नायट्रिक ॲसिडने मेण-तेल जातं, पण मायका तळाशी तसाच राहतो, त्यात अडकलेल्या शिशासकट. तिथेच थांबलो असतो तर आकडा कमी आला असता आणि तुम्ही खूशही झाला असतात. मायका फोडायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं. ते काच खातं, म्हणून भांडी टेफ्लॉनची. पुढे बोरिक ॲसिड घालून उरलेलं हायड्रोफ्लोरिक बांधून टाकावं लागतं. हायड्रोफ्लोरिक कातडीला लागलं तर हाडापर्यंत जातं, त्यामुळे ‘जरा लवकर आटप’ असं मी या कामात कुणालाच म्हणत नाही. मग आयसीपी-एमएस, म्हणजे द्रावणातला धातू अगदी सूक्ष्म प्रमाणातही मोजणारं मशीन. सोबत एक कोरा ब्लँक (नमुना न घालता तीच सगळी प्रक्रिया), आणि तुमच्याच नमुन्यात मोजून शिसं घालून ते पुरतं परत मिळतं का, ही तपासणी.

ॲसिडात गेलेला भाग परत देता येत नाही. उरलेली कांडी फेरतपासणीसाठी सीलबंद ठेवली आहे. फॉर्मवर तसं लिहिलं होतं.

३.२ बघून घाबरू नका. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) बाजारातल्या ४०० लिपस्टिक तपासल्या, तेव्हा सरासरी १.११ आणि सर्वांत जास्त ७.१९ पीपीएम शिसं निघालं. त्यांची शिफारस १० च्या आत ठेवण्याची. आपल्याकडे रंगद्रव्यांसाठी मर्यादा २०. खनिज रंग मुळात जमिनीतले, थोडं शिसं घेऊनच येतात. मात्र ‘शून्य’ लिहून मिळणार नाही. काहीच सापडलं नाही तरी आम्ही ‘अमुक पीपीएमपेक्षा कमी’ असंच लिहितो.

आकडा खाली आणायचा असेल तर तयार कांडीवर पुन्हा पैसे घालू नका. मायका आणि लाल आयर्न ऑक्साइड वेगवेगळे पाठवा, शिसं कुठल्या लॉटमधून येतंय ते कळेल. आणि पाकिटावर ‘१००% लेडफ्री’ छापणार असाल, तर त्याला आमच्या रिपोर्टचा आधार देऊ नका, ही विनंती.